थांबणारा पैसा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात देणग्यांच्या पाट्या वाचत हिंडता येतं. शाळेच्या भिंतीवर, पाणपोईवर, एसटीच्या थांब्यातल्या बाकावर, स्मशानभूमीच्या शेडवर, देवळाच्या फरशीवर. कुणाच्या तरी स्मरणार्थ, कुणाच्या तरी सौजन्याने. या दानतीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही, कष्टाने मिळवलेला पैसा लोकांनी मनापासून दिलेला असतो. पण पाणपोईचा नळ गळायला लागला की दुरुस्ती कुणी करायची, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. देणगीदार फीत कापून गेलेला असतो, ग्रामपंचायतीकडे तरतूद नसते, आणि ज्या संस्थेने पैसा आणला तिचा प्रकल्प मार्चअखेर संपलेला असतो.

गावातलं काम उभं राहणार की कोसळणार, हे रकमेपेक्षा मुदतीवर जास्त ठरतं. देणारा किती वर्षं सोबत राहतो, त्या वर्षांत काय मागतो, काय सोडून देतो आणि निघताना मागे काय ठेवतो, यावर. याचा सगळ्यात भक्कम पुरावा महाराष्ट्रातच आहे, आणि तो नगर जिल्ह्याच्या उजाड माळांवर तयार झाला.

हर्मन बाखर हे स्विस जेझुइट धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यांच्या कामाची बरीचशी वर्षं नगर भागात गेली. १९७२ चा दुष्काळ त्यांनी जवळून पाहिला. दुष्काळी कामांवर लाखो माणसं खडी फोडत होती, बंडिंग करत होती; मजुरी मिळत होती आणि जीव वाचत होते. पाऊस परतला की मात्र तीच माती तशीच वाहून जात होती, आणि पुढच्या कोरड्या वर्षी तेच गाव पुन्हा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसत होतं. मदत दर वेळी नव्याने सुरू व्हायची आणि दर वेळी संपायची. नगरच्या सोशल सेंटर या संस्थेतून आणि पुढे पिंपळगाव वाघासारख्या गावांतून पाणलोटाचे प्रयोग करता करता बाखर आणि त्यांचे सहकारी क्रिस्पिनो लोबो यांच्या मनात एका मोठ्या कार्यक्रमाची कल्पना पक्की झाली. १९९२ च्या सुमारास ती इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम म्हणून प्रत्यक्षात आली. पैसा जर्मन सरकारचा, तिथल्या विकास बँकेमार्फत. आर्थिक व्यवस्थापन नाबार्डचं. आणि गावांची, तसंच गावांसोबत काम करणाऱ्या स्थानिक संस्थांची तयारी करून घेण्यासाठी १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'वॉटर' संस्था स्थापन झाली.

पाणलोटाच्या कामाला लांब मुदतीचा पैसाच का लागतो, याचं कारण जमिनीच्या उतारात आहे. काम माथ्याकडून पायथ्याकडे न्यायचं असतं. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, गवत, झाडं. मग मधल्या उतारावर बांधबंदिस्ती. मग ओघळींत दगडी बांध, आणि सगळ्यात शेवटी नाल्यावर बंधारा. हा क्रम मोडून कुणी आधी खालचा बंधारा बांधला, तर वरून येणाऱ्या गाळाने तो दोन-तीन पावसाळ्यांत भरून जातो. उद्घाटनाला शोभून दिसतो तो मात्र बंधाराच. माथ्यावरच्या चरांचा फोटो कुठल्याही वार्षिक अहवालात उठून दिसत नाही.

आणखी एक अडचण आहे. माथ्याची जमीन बहुतेक ठिकाणी वनखात्याची, गायरानाची, नाहीतर गावातल्या सगळ्यात गरीब माणसाची असते. विहिरी असतात पायथ्याला, बऱ्या परिस्थितीच्या शेतकऱ्यांच्या रानात. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं गावाने वर राबायचं, वरची चराई बंद करायची, आणि पाणी चढणार ते खालच्याच्या विहिरीला. ज्याने राबायचं त्याला फळ उशिरा आणि कमी, ही गोष्ट लपवून गाव एकत्र येत नाही. ती उघड बोलावी लागते, त्यावर भांडावं लागतं, वाटण्या ठरवाव्या लागतात. एका आर्थिक वर्षात हे होत नाही.

म्हणून या कार्यक्रमाने पैसा देण्याची रीतच वेगळी ठेवली. मोठा निधी पहिल्या दिवशी मिळत नसे. आधी बारा ते अठरा महिन्यांचा तयारीचा टप्पा. त्यात शिवाराचा एक लहान तुकडा, साधारण शंभर हेक्टरचा, गावाने स्वतः करून दाखवायचा. ग्रामसभेने पाणलोट समिती नेमायची, त्यात प्रत्येक वस्तीचं आणि समाजाचं माणूस हवं, बाया हव्यात. मोकाट चराईला बंदी, झाडतोडीला बंदी, उसासारखं पाणी पिणारं पीक नको, शेतीसाठी बोअर नको, आणि श्रमदान. अकुशल मजुरीच्या खर्चातला साधारण सहावा हिस्सा गावाने घामाच्या रूपात घालायचा. हे सगळं ज्या गावाला जमलं त्यालाच पुढच्या चार-पाच वर्षांचा पूर्ण प्रकल्प मिळायचा.

वाचताना या अटी जाचक वाटतात. पण या टप्प्यात परीक्षा दोघांची होते. गाव संस्थेला पारखत असतं: ही माणसं पावसाळ्यातही येतात का, पाटलाच्या ओट्यावर बसतात की ठाकरवाडीतही जातात, हिशेब वाचून दाखवतात का. आणि एखाद्या गावाला हा मार्ग झेपला नाही तर दोघंही थोडक्या खर्चात बाजूला होऊ शकतात.

या कामातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. तिला नेट प्लॅनिंग म्हणतात. गावाचा नकाशा कचेरीत पसरून त्यावर रेघा मारायच्या ही जुनी सवय इथे मोडली. तंत्रज्ञ गट नंबर घेऊन थेट त्या तुकड्यावर जातो, आणि तिथे शेतकरी नवरा-बायको दोघांनी हजर राहायचं असतं. उतार किती, माती किती खोल, पाणी कुठून शिरतं आणि कुठून फुटतं, हे बहुतेक वेळा बाईच जास्त नेमकं सांगते, कारण खुरपणीला वर्षभर त्या रानात तीच वाकलेली असते. मग बोलणं होतं: इथे बांध घ्यायचा की चर, बांधावर गवत लावायचं की सीताफळ, दर पावसात फुटणाऱ्या कोपऱ्याला सांडवा कुठे काढायचा. जमीनमालक नको म्हणाला तर ते काम आराखड्यात जात नाही. ठरलेलं सगळं त्या गटाच्या नावाने कागदावर उतरतं, मालकाचा वाटा किती हेही लिहिलं जातं, आणि खाली सही किंवा अंगठा. असे सगळ्या गटांचे कागद एकत्र केले की गावाचा आराखडा तयार होतो. याला आठवडेच्या आठवडे लागतात. पण पुढे बांध फुटला की तो सरकारचा किंवा संस्थेचा राहत नाही. मालकाच्या सहीचा असतो.

समपातळीची रेघ आखायला गावातली पोरंच शिकत. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि मापं आखलेल्या दोन काठ्या, एवढंच साधन. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी सारखं आलं की खाली फक्कीची खूण. दहावी नापास म्हणून घरी बसलेला मुलगा चार महिन्यांत माथ्यावरची रेघ इंजिनिअरइतकी बिनचूक काढू लागतो. पैशाचीही वाट अशीच ठेवली होती: खातं पाणलोट समितीचं आणि संस्थेचं मिळून, एकट्याच्या सहीने पैसा निघणार नाही.

संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे या कार्यक्रमातलं पुष्कळ अभ्यासलं गेलेलं गाव. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. १९९६ च्या आधी फेब्रुवारी ते जून टँकर, शेतीत काम वर्षातले तीन-चार महिने, बाकीच्या दिवसांत बिऱ्हाड उचलून कामाच्या शोधात बाहेर. काम सुरू व्हायची वेळ आली तेव्हा अडचण पाण्याची नव्हती, मेंढरांची होती. गावातल्या धनगर कुटुंबांचं पोट माथ्यावरच्या चराईवर होतं, आणि चराईबंदी म्हणजे त्यांच्या हातातला घास जाणं. त्यांनी विरोध केला, आणि तो विरोध रास्त होता. घाईच्या देणगीदाराने इथे दोनपैकी एक केलं असतं: बहुमताने ठराव रेटला असता, किंवा गाव यादीतून काढलं असतं. दरेवाडीत बोलणी चालू राहिली, आणि सगळा माथा एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. वनखात्याची जमीनही कामात घ्यायची होती, त्यासाठी खात्याशी वेगळा करार झाला. या सगळ्यात वेळ गेला. तो वेळ मंजूर होता म्हणून काम झालं.

२००१ पर्यंत प्रकल्प पूर्ण झाला. त्यानंतरच्या नोंदींत टँकर थांबलेला दिसतो. विहिरींतली पाण्याची पातळी जमिनीखाली साडेसहा मीटरवर होती ती तीन मीटरच्या जवळ आली. शेतीतलं काम तीन-चार महिन्यांवरून नऊ-दहा महिन्यांवर गेलं. आणि हेक्टरी पंधरा हजारांची जमीन पासष्ट हजारांवर पोचली. शेवटचा आकडा गावकऱ्यांना फार काही सांगून जातो. ज्या रानाला कुणी विचारत नव्हतं, ते आता कुणी विकायला तयार नव्हतं.

पण हा हिशेब इथेच थांबवला तर तो अर्धा राहील. पाण्याचा मोठा लाभ ज्याची जमीन आणि विहीर त्यालाच झाला, हे दरेवाडीतही खरं आहे आणि इतरत्रही. वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेने महाराष्ट्र आणि आंध्रातल्या ८६ गावांचा अभ्यास करून २००२ मध्ये अहवाल काढला. ज्या प्रकल्पांत लोकांचा सहभाग आणि तंत्रज्ञान दोन्ही होतं, तिथलं काम नुसत्या सरकारी बांधकामापेक्षा सरस ठरलं, असं त्यात दिसलं. त्याच अहवालाने हेही नोंदवलं की चराईबंदीचा भार भूमिहीनांवर आणि जनावरं राखणाऱ्यांवर पडतो. सोबत राहणाऱ्या संस्थेला हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डोळ्यांसमोर दिसतं आणि ती काही हालचाल करू शकते. 'वॉटर'ने गावोगावी बचतगटांची मिळून संयुक्त महिला समिती उभी केली ती यातूनच. घरातल्या बाईला आणि बिनजमिनीच्या घराला लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे पिण्याचं पाणी जवळ आणणं, परसबाग, शेळ्या-कोंबड्या, लहान कर्ज, या समितीच्या हातून व्हाव्यात म्हणून. मूळ आराखड्यात बंधारेच असतात. अशा गोष्टी सोबत राहिल्यावर सुचतात.

निघण्याची तयारीही पहिल्यापासून होती, आणि या कार्यक्रमातला हा भाग सगळ्यात शिकण्यासारखा आहे. श्रमदानातून वाचलेल्या पैशाचा एक भाग देखभाल निधी म्हणून गावाच्या नावे बाजूला पडत असे. प्रकल्प संपला की बांधांची डागडुजी, चरातला गाळ काढणं, सांडव्याचे दगड बसवणं यासाठी गावाला पुन्हा कुणाच्या दारात जायला लागू नये. सुरुवातीला ज्या पाणपोईचा विषय निघाला, तिच्या नळाला एवढीच तरतूद हवी असते. अर्थात निधी आहे म्हणून समिती जिवंत राहतेच असं नाही. काही गावांत कर्त्या माणसांची पिढी बदलली, पाणी आल्यावर बोअरच्या गाड्याही आल्या आणि ठराव कागदावर राहिले. त्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली बोअर आणि उसावरची बंदी तीन दशकं टिकली, आणि पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची रीतही टिकली, ती ग्रामसभा दर वर्षी खरोखर भरते म्हणून.

इंडो-जर्मन कार्यक्रमाच्या रीतीचा प्रभाव महाराष्ट्राबाहेरही गेला. १९९९-२००० मध्ये केंद्र सरकार आणि नाबार्डने प्रत्येकी शंभर कोटी रुपये घालून पाणलोट विकास निधी उभा केला, तो याच कार्यक्रमाच्या अनुभवावर.

बांध-बंधाऱ्याला तरी पैसा मिळतो. माणसाला मिळत नाही. देणगीदाराला आपला रुपया थेट 'गरजूपर्यंत' जायला हवा असतो. कार्यकर्त्याचा पगार, त्याचा प्रवास, हिशेबनीसाचं मानधन हा त्याला वायफळ खर्च वाटतो. ठाकरवाडीत रात्री नऊला बैठक घेणारा मुलगा कशावर जगतो, हा प्रश्न अर्जाच्या नमुन्यात नसतो. महाराष्ट्राने यावर एक देखणं उत्तर शोधलं होतं. १९८० च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. त्यासाठी नामवंत नटांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगावी केले. जमलेली रक्कम कुठल्या इमारतीत घातली नाही. ती ठेव म्हणून ठेवली आणि तिच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन सुरू केलं. रक्कम लहान असे. पण ती दर महिन्याला येई, आणि त्या बदल्यात लाभार्थींची संख्या कुणी विचारत नसे. कार्यकर्त्यावर टाकलेला हा विश्वास होता.

असा विश्वास किती वर्षांचा असावा लागतो, हे गडचिरोलीत कळतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च'चं काम १९८६ मध्ये सुरू केलं. गावातल्याच बाईला शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायची, या प्रयोगाचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले ते १९९९ साली. ३९ गावांत नवजात बालमृत्यूचं प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या घरात आलं होतं. आज देशभर 'आशा' कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाते त्यामागे हे काम आहे. तेरा वर्षांतल्या तिसऱ्या वर्षी कुणी निकाल मागून पैसा बंद केला असता, तर दाखवायला काय असतं? थोडे आकडे आणि लोकांशी जुळलेली ओळख.

आजचा काळ या दृष्टीने कठीण आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. त्यामुळे पैसा पुष्कळ आला, पण तो आर्थिक वर्षाच्या चौकटीत आला. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत संस्थांना आलेले फोन आणि 'एकतीसच्या आत बिलं पाठवा'चा तगादा हा या क्षेत्रातल्या प्रत्येकाचा अनुभव आहे. वास्तविक २०२१ च्या नियमांनी वाट काढून दिली आहे: सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प कंपनीला मंजूर करता येतो, आणि न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या वर्षांत वापरता येतो. म्हणजे चार वर्षांची सोबत कायद्यात बसते. ती न करण्याचं कारण कायदा नाही, सवय आहे. परदेशी पैशाची गोष्ट उलट झाली. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीमुळे अशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. एका जाणत्या संस्थेने निधी आणायचा आणि तालुक्यातल्या दहा लहान संस्थांना वर्षानुवर्षं सांभाळून घ्यायचं, ही रीत परदेशी निधीपुरती बंद पडली.

म्हणून स्थानिक पैशाची जबाबदारी वाढली आहे. तालुक्याची पतसंस्था, रोटरी, ज्ञातीचा ट्रस्ट, गणेश मंडळ, माजी विद्यार्थ्यांचा गट, परदेशी स्थायिक झालेली गावाकडची मंडळी: या सगळ्यांकडे जर्मन सरकारएवढा पैसा नाही, पण त्या सरकारकडे नव्हतं असं काहीतरी आहे. ती तिथेच राहतात, किंवा तिथली आहेत. आश्रमशाळेची बाई कोण, समितीचा अध्यक्ष कसा, पाणी कुणी चोरतं, हे त्यांना अहवाल न मागवता कळतं. पुण्यात पितृपक्षात 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन भरतं. तिथे लहान संस्थांच्या टेबलापाशी बसून लोक तासतासभर बोलतात, पुढे त्या संस्थेत जाऊन राहून येतात, आणि मग दर वर्षी देत राहतात. ओळखीतून सुरू झालेलं देणं सहसा एका चेकवर संपत नाही.

अशा कुठल्याही ट्रस्टवर किंवा मंडळावर तुम्ही असाल, तर पुढच्या बैठकीत एक ठराव मांडा. दहा संस्थांना एकेक वर्ष देण्याऐवजी तीन संस्थांना चार वर्षं द्या, आणि ते पहिल्याच वर्षी लेखी कळवा, म्हणजे त्यांना माणसं कामावर ठेवता येतील. कार्यकर्त्याचा पगार त्या रकमेत धरा. वर्षातून दोनदा जा, त्यातली एक फेरी उन्हाळ्यात असू द्या, आणि हार-नारळ नको म्हणून आधीच सांगा. पाचव्या वर्षी तुम्ही नसताना देखभालीचा पैसा कुठून येणार, हे पहिल्याच बैठकीत विचारा. पाटी लावायचीच असेल तर त्या वर्षी लावा.